चार काट्यांवरची गाडी

कापसाची आवक सुरू झाल्याचं आमच्या घरात सगळ्यात आधी खिडकीच्या जाळीला कळतं. दिवाळी मागे पडते, पहाटे गोधडी अंगावर ओढावीशी वाटते, आणि एका सकाळी जाळीवर पांढरी लव धरलेली दिसते. झटकली तरी दुपारपर्यंत पुन्हा हजर. चहाच्या कपात, समईच्या तेलात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे कापूस. आमचं घर वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावात, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. घरामागे अंगण आणि अंगणाला लागून गोदाम. माझ्या मुलीचे, पूर्वाचे बाबा शेतकऱ्यांचा कापूस विकत घेतात आणि सरकी काढायला जिनिंगला पाठवतात. माझ्या सासऱ्यांनीही हेच केलं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा हिवाळा असा पांढरा आहे.

परवा जाळी झटकताना ती लव बोटांना चिकटली आणि माझा हात थांबला. मधे काही वर्षं गेली, तरी दर आवकीला एकदा थांबतोच. मग झाडू हातात तसाच राहतो आणि मला तो हिवाळा आठवतो, ज्यात आमच्या गोदामात कापसाच्या ढिगाशेजारी एक गाडी उभी होती.

आमच्याकडे भीतीला भेव म्हणतात. भीती हा शब्द मला अजूनही शाळेच्या पुस्तकातला वाटतो. भीती कशाची तरी वाटते. भेव आधीच अंगात असतं आणि कारण मागाहून सापडतं. माझ्या अंगात ते लहानपणापासून आहे. घराबाहेर पडल्यावर गॅसचं बटण बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. कापसाच्या ढिगात हात घालायचा तर आधी काठीनं ठोकते, कारण उबेला आत साप शिरतो. फोनची रिंग अवेळी वाजली की उचलण्याआधी सगळ्या जवळच्या माणसांचे चेहरे डोळ्यांपुढून जातात. ह्यांना एकच भेव, आगीचं. गोदामाच्या आसपास कुणी खिशातून बिडी काढली तरी हे हातातलं काम टाकून धावत सुटतात. आणि आम्हा दोघांच्या पोटी पूर्वा जन्मली, जी चालायला लागल्या दिवसापासून त्याच ढिगावर चढून खाली उड्या मारायची.

त्या वर्षी ती वर्ध्याला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजातल्या पोरापोरींनी मिळून शर्यतीची एक छोटी गाडी बांधायला घेतली होती. देशभरातल्या कॉलेजांच्या अशा गाड्या एका ठिकाणी जमतात आणि धावतात, एवढंच मला समजलं होतं. गाडी कोण चालवणार हे तिनं बरेच दिवस सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला उत्तर ठाऊक होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, अजून अर्धीच झाली आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार चाकं, मागे मोटरसायकलचं इंजिन. दार नाही, छत नाही, काच नाही. चार बाजूंनी पोरं धरायची आणि उचलून टेम्पोत ठेवायची. जिथं म्हणून पत्र्याला भोक पाडता येईल तिथं भोक पाडलं होतं, वजन कमी व्हावं म्हणून. पूर्वा कौतुकानं दाखवत होती, इथून इतकं कमी केलं, तिथून तितकं. आमच्या घरात वजन जास्त भरलं की आनंद होतो. ही पोरगी वजन गेल्याचा आनंद करत होती. मी मात्र प्रत्येक भोकातून पलीकडची जमीन पाहत होते. तिच्या आणि त्या जमिनीमध्ये किती कमी लोखंड उरलं होतं, तेच मला दिसत होतं.

दिवाळीनंतर कॉलेजमागच्या मैदानावर गाडी चालवून पाहायची होती. फराळाचा डबा द्यायच्या निमित्तानं मी गेले. केशरी रंगाच्या, रस्त्यावर ठेवतात तशा प्लास्टिकच्या टोप्या मांडून वळणं आखली होती. डोक्यावर हेल्मेट, गळ्यापर्यंत बंद झगा, त्यात माझी मुलगी मला ओळखू येत नव्हती. गाडीचा आवाज फार मोठा होता, छातीवर बसत होता. डावीकडची वळणं तिनं सुरेख घेतली. मग उजवीकडचं वळण आलं, तिनं ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग पुढं आला. एवढंच दिसलं. मग धूळ. धुळीत गाडी गरगर फिरत असल्याचा आवाज आणि त्यानंतर काहीच नाही.

धूळ बसली तेव्हा गाडी उलट तोंडानं, एका बाभळीच्या खोडाशी थांबली होती. खोड आणि चाक यांमधून एक माणूस अंग चोरून जेमतेम गेला असता. पूर्वा बाहेर आली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे पाहून हसली.

"काई नाई झालं, आई."

मी मान हलवली. फराळाचा डबा तिच्या हातात दिला.

त्यानंतर ती गाडी पुन्हा दोनदा तशीच गरगरली, दोन्ही वेळा उजवीकडेच. हे मला अंकुशकडून कळलं. अंकुश तिचा वर्गमित्र, सेलूचा, उंचापुरा आणि शांत मुलगा. पूर्वानं डोळे वटारले तेव्हा तो बिचारा गप्प झाला. पण तोवर मी ऐकलं होतं. ऐकल्यावर काय करायचं असतं? मी भाजी चिरत राहिले. तिला जाऊ नको म्हणावं असं रोज मनात यायचं आणि रोज मी ते गिळायचे, कारण माझं भेव तिच्या पायात बांधलं तर ती आयुष्यभर माझ्यासारखी अर्ध्या रस्त्यातून परत येईल, असं मला वाटायचं. आणि नाही बांधलं तर ती परत येईल का, असंही वाटायचं. या दोन्हींच्या मधे मी तो अख्खा हिवाळा काढला.

एका रविवारी सकाळी ती बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, आपले वजनाचे इलेक्ट्रॉनिक काटे पाह्यजे. चार."

ह्यांनी चष्मा वर केला. "गाडी विकाले काढली का?"

"प्रत्येक चाकावर किती वजन येते ते पाह्याचं आहे. एका वेळी चारही चाकांचं."

मला कळावं म्हणून तिनं देवघरातला चौरंग आणून ओट्यावर ठेवला. एका पायाखाली काडेपेटी सरकवली. चौरंग लगेच डगडगला. "पाह्य, हा एकच पाय उंच केला. आता सगळा भार या पायावर अन् याच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर गेला. बाकीचे दोन पाय नुसते नावाले टेकून आहेत. आपल्या गाडीचंही तसंच झालं असंल. वळताना जे चाक जमिनीले धरून राह्याले पाह्यजे, त्याच्यावर वजनच नाई."

तसले खास काटे कॉलेजात नव्हते, आणि तिथली फरशीही उंचसखल. आमच्या गोदामात मात्र सपाट कोबा होता आणि काटे जमवणं सोपं होतं. दोन आमचे होते, दोन बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांकडून मागून आणले. ह्यांनी एकच अट घातली: पेट्रोलचा थेंब गोदामात येणार नाही, आणि ठिणगी पडेल असं काही होणार नाही. मुलांनी टाकी बाहेरच रिकामी केली, बॅटरीची वायर काढली, आणि पेट्रोलइतक्या वजनाचं पाणी पिशवीत भरून टाकीच्या जागी ठेवलं. तरी हे दारात पाण्याच्या दोन बादल्या घेऊन बसले. सगळा दिवस बसून होते. मी पाहत होते. आगीला इतकं भिणारा माणूस जन्मभर कापसातच बसत आला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

मांडामांड करण्यातच सकाळ गेली. गवंडी वापरतात तशा पाण्याच्या नळीनं त्यांनी चारही काट्यांची पातळी पाहिली, कमी पडेल तिथं पत्र्याचे तुकडे सारले. मग तेच एक लोखंडी माप चारही काट्यांवर आळीपाळीनं ठेवून काटे खरं बोलतात का ते तपासलं. चाकांत हवा सारखी भरली. शेवटी पोरांनी गाडी उचलली आणि अलगद काट्यांवर ठेवली. एकेका चाकाखाली एकेक काटा, समोर चार लाल आकडे.

मग प्रश्न आला चालवणाऱ्याचा. चालवणारा आत बसल्याशिवाय वजन खरं नाही. पूर्वा आत बसली तर बाहेरून स्प्रिंगा कोण फिरवणार? ते गणित तिच्याच डोक्यात होतं. अंकुश आणि बाकीची मुलं अंगानं भारी.

"सरकीचं पोतं ठेवा तितक्या वजनाचं," हे दारातून म्हणाले.

"पोतं सगळं बुडाशी बसते, बाबा. माणसाचे पाय पुढं राह्यतात, पाठ मागं." ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "आई, तू बस ना. आपलं दोघींचं वजन सारखंच आहे."

मी पदर खोचून उभी होते, चहाचा ट्रे हातात. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणता आलं नाही. तिच्या कपाटातला जुना पंजाबी ड्रेस घालून आले आणि त्या सांगाड्यात उतरले.

आत जागा नव्हतीच. पाय पुढं एका बोगद्यासारख्या पोकळीत सरळ गेले, गुडघे जरा वर, पाठ मागं कललेली. खांदे नळ्यांना लागत होते. पूर्वानं दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेतले, कमरेचे घेतले, सगळे छातीपाशी एका कुलपात अडकवले आणि ओढले. श्वास अर्ध्यावर अडला.

"इतकं आवळाचं असते?"

"याच्याहून जास्त. अन् हालू नको बरं. तू हालली की आकडे हालतात."

मी तिथून गोदाम पाहिलं. रोजचं गोदाम, पण जमिनीपासून हातभर उंचीवरून पाहिलेलं. कापसाचा ढीग आभाळाला टेकल्यासारखा दिसत होता. माझ्या दोन्ही बाजूंना बोटभर जाडीच्या नळ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे काही नव्हतं. या जागेत बसून ती बाभळीपर्यंत गरगरत गेली होती. या पट्ट्यांत, ही पाठ टेकवून. मैदानाच्या कडेला उभं राहून जे मला दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं: धूळ आतून कशी दिसली असेल, खोड किती मोठं झालं असेल. हाताचे तळवे ओले झाले. ते मी मांडीला पुसले आणि लगेच समोरचा आकडा हलला.

"आई."

"नाई हालत."

वजन तिरपं होतंच. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशा जोडीवर भार फार कमी. पूर्वा मागच्या उजव्या चाकाशी बसली आणि स्प्रिंगेखालची कडी पान्यानं फिरवू लागली. फिरवायची, मग पोरं गाडी वरखाली दाबून सोडायची, म्हणजे ती नीट बसावी, मग सगळे आकडे पाहायचे. मी दर वेळी आतल्या आत डचमळायचे. आकडा वाढायचा, तिला हवा तिथं यायचा, आणि थोड्या वेळात पुन्हा उतरायचा. तिनं परत फिरवलं. परत उतरला. कितीही फिरवलं तरी वजन टिकत नव्हतं.

"काटा खराब आहे," अंकुश म्हणाला. मला उतरवून, गाडी उचलून त्यांनी दोन काटे आपसात बदलले. मी पुन्हा आत बसले, पुन्हा पट्टे. तेच झालं. काटा दुसरा, चाक तेच.

तेवढ्यात मालगाडी आली. आमच्या गोदामाला रुळांची सवय आहे, पण काट्यांना नाही. कोबा थरथरला, चारही आकडे थरथरू लागले, कापसाची लव उन्हाच्या पट्ट्यात नाचली. सगळे हात थांबवून ती जाण्याची वाट पाहू लागले. मालगाडी लांबलचक होती. त्या थरथरीत माझ्या उजव्या खांद्यामागे काहीतरी टक् करून वाजलं. वाजलं म्हणण्यापेक्षा पाठीला लागलं.

डबे निघून गेले. तीन आकडे थांबले. मागच्या उजव्याचा थांबला नाही. तो हळूहळू खाली येत होता.

"पूर्वा, मागं काईतरी वाजलं."

"सीट असंल, काकू," अंकुश म्हणाला. "नवीन बसवली आहे."

मला सवयीनं वाटलं, आपलंच भेव असेल. घरात सगळे तसंच म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. मी गप्प बसणार होते. पण पट्ट्यांत बांधलेलं असताना, त्या जागेत बसलेलं असताना, ते टक् मला गिळता आलं नाही.

"सीट नाई," मी म्हणाले. "सीट माह्या पाठीले लागून आहे. ते सीटच्या मागं वाजलं. लोखंडात."

पूर्वानं माझ्याकडे पाहिलं. मग मोबाईलचा उजेड लावून ती गाडीखाली आडवी झाली. बराच वेळ तिचे फक्त पाय दिसत होते. "वंगणानं काई दिसून नाई राह्यलं," तिचा आवाज आला. "कापूस द्या थोडा."

ह्यांनीच उठून ढिगातून एक बोंडभर कापूस काढून दिला. तिनं तो जोडावर फिरवला. मग ती हलायची थांबली. पायही हलेनात.

"काय झालं, पूर्वा?"

"आई, तू अशीच बस. अजिबात हालू नको." आणि मग अंकुशला, अगदी हळू, "इकडं ये. पाह्य."

स्प्रिंगेचं वरचं टोक ज्या पट्टीला अडकवलं होतं, ती पट्टी सांगाड्याला वेल्डिंगनं जोडलेली होती. त्या वेल्डिंगच्या कडेला कापसाचे तंतू अडकले होते, एका सरळ रेषेत. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण कापूस तिथून पुढं सरकत नव्हता. जोड तडकलेला होता. भार पडला की पट्टी केसभर वाकायची, चाकावरचं वजन उतरायचं. मैदानात उजव्या वळणाला गाडी का फिरत होती, याचं एक उत्तर तिथं होतं. आणखी वेगात असताना ती पट्टी पूर्णच सुटली असती तर काय, हे प्रत्येकाला कळत होतं.

त्यांनी जॅक लावून गाडीचा भार घेतला आणि मला बाहेर काढलं. अंकुश म्हणाला, "काकू, तुम्ही बोलल्या म्हणून सापडलं." आणि तो जॅक पुन्हा तपासू लागला. पूर्वा एका कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात काळे, केसांत कापूस. मी जवळ गेले नाही. हे गेले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच उभे राहिले. बादल्या दारातच राहिल्या.

ती पट्टी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कापून नवी, जाड लावली. बाकीच्या तिन्ही जोडांवर त्यांनी कापूस फिरवून पाहिला. मग गाडी पुन्हा आमच्या काट्यांवर आली, मी पुन्हा आत बसले, आणि या वेळी आकडे जिथं आणले तिथं थांबले. स्पर्धेत ती मुलं जिंकली नाहीत. गाडी मात्र शेवटच्या फेरीपर्यंत धावली. अर्ध्याहून जास्त गाड्या मधेच बंद पडल्या म्हणे. आता पूर्वा पुण्याकडे एका कारखान्यात आहे, तिथंही गाड्याच तपासते. कामाचं सांगते फोनवर. मी ऐकते आणि सगळं विचारत नाही.

पण मला आठवते ती स्पर्धेला निघण्याआधीची सकाळ. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा त्याच मैदानावर आली होती. थंडी होती, गवतावर दव होतं, लांबवर तुरीचं शेत पिवळं झालं होतं. पोरं टोप्या मांडत होती. पूर्वा आत बसली होती आणि मी तिच्या बाजूला उकिडवी बसले होते. हेल्मेट अजून तिच्या मांडीवर होतं.

"आई," ती समोर पाहत म्हणाली, "मले भेव वाटून राह्यलं."

तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी पडली तेव्हाही नाही, बाभळीपाशी थांबली तेव्हाही नाही.

"आजच?"

"पहिल्या दिवसापासून. तुले सांगितलं असतं तं तू जेवली नसती."

"मंग काऊन बसली इथं?"

तिनं हेल्मेटवरची धूळ पुसली. "माहीत नाई. भेव वाटते म्हणून तं काटे मागतले बाबाले. भेव नसतं वाटलं तं तशीच गेली असती स्पर्धेले." मग तिनं माझ्याकडे मान वळवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "जाऊ का?"

ती नुसती विचारत नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर ती त्या सकाळी उतरली असती, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. सबंध हिवाळा जो शब्द मी गिळत आले होते तो आता बोलायची परवानगी होती.

"जा," मी म्हणाले. "पहिले हळू जाजो."

तिनं हेल्मेट चढवलं. मी मागे सरले, टोप्यांच्या रांगेबाहेर. इंजिन सुरू झालं आणि माझ्या छातीवर बसलं. पहिली फेरी तिनं हळू घेतली. उजव्या वळणाशी ब्रेक लागला, गाडी जराशी झुकली आणि सरळ बाहेर आली. अंकुशनं टाळी वाजवली. मला वाटलं होतं, एवढं पाहिलं की भेव जाईल. ते गेलं नाही. दुसऱ्या फेरीला ती त्या वळणावर पहिल्यापेक्षा जोरात आली, तिसऱ्याला आणखी जोरात, आणि प्रत्येक वेळी ती वळणातून बाहेर येईपर्यंत मी श्वास धरून उभी राहिले.